शिफारशीचे मोल आणि हिशेबाची वही : अ‍ॅफिलिएट योजनांच्या निवडीचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या वस्तूची माहिती वाचकास द्यावी, ती जेथे मिळते त्या दुकानाची लिंक माहितीसोबत जोडावी, आणि त्या लिंकवरून जाऊन वाचकाने खरेदी केली तर दुकानदाराने माहिती देणाऱ्यास ठरलेले कमिशन द्यावे, एवढाच अ‍ॅफिलिएट मार्केटिंग या व्यवहाराचा गाभा आहे. व्यवहार इतका सरळ असल्यामुळे त्यातील निवडही सरळच असावी आणि अधिक दर देणारी योजना तीच उत्तम योजना असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु गेल्या तीस वर्षांत ज्यांनी या क्षेत्रात उदरनिर्वाह केला, ज्यांनी त्याचा अभ्यास केला आणि ज्यांच्यावर त्याच्या नियमनाची जबाबदारी येऊन पडली, त्यांच्यात या प्रश्नाच्या उत्तराविषयी अद्याप एकवाक्यता झालेली नाही. पाककृती, शेतीची अवजारे, ग्रंथ, मोबाइल, गुंतवणूक अशा नाना विषयांवर यूट्यूबवरून मराठीत बोलणारे आणि लिहिणारे अनेक जण आज या मार्गाने काही मिळकत करू पाहतात, आणि त्यांच्यासमोर योजनांची जी गर्दी उभी असते तीतून निवड करण्याची शास्त्रशुद्ध रीत कोणती, हा त्यांच्या दृष्टीने पोटापाण्याइतकाच प्रतिष्ठेचाही प्रश्न आहे. म्हणून या वादाची पूर्वपीठिका, त्यातील प्रमुख भूमिका आणि अनिर्णित राहिलेले मुद्दे यांचा क्रमाने परामर्श घेणे उपयुक्त ठरेल.

पूर्वपीठिका

विक्री घडवून आणणाऱ्यास विक्रीतील अंश देण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. बाजारपेठेतील अडत, १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाच्या एजंटास पहिल्या हप्त्यावर आणि पुढे नूतनीकरणाच्या हप्त्यांवर मिळणारे कमिशन, टपाल खात्याच्या अल्पबचत योजनांसाठी घरोघर हिंडणाऱ्या प्रतिनिधींचा मोबदला, ही सर्व एकाच तत्त्वाची रूपे होत. या जुन्या व्यवहारांत शिफारस करणारा मनुष्य बहुधा गिऱ्हाइकाच्या ओळखीचा असे, अर्जावर त्याची सही किंवा क्रमांक असे, आणि म्हणून श्रेय कोणाचे याविषयी तंटा उद्भवलाच तर कागद पाहून त्याचा निकाल लावता येई. संगणकाच्या जाळ्यावर शिफारस करणारा, विकणारा आणि घेणारा हे तिघेही परस्परांचे तोंड न पाहता व्यवहार करतात. त्यामुळे श्रेयाची नोंद यंत्राने ठेवणे अपरिहार्य झाले, आणि पुढील बहुतेक वादांचे मूळ याच अपरिहार्यतेत आहे.

अमेरिकेत विल्यम टोबिन यांनी १९८९ साली प्रॉडिजी या संगणकजाळ्यावर पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्स हा फुलांचा व्यवसाय सुरू केला आणि त्यातून अशा कमिशनपद्धतीचा आरंभ झाला, असे सामान्यतः मानले जाते. १९९४ च्या नोव्हेंबरात सीडीनाऊ या संगीतविक्रेत्या कंपनीने, संगीतविषयक लेखन करणाऱ्यांनी आपल्या वाचकास थेट विक्रीच्या पानाकडे पाठवावे, अशी योजना आखली. आणि त्याच वर्षी नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी कुकी नावाची ती छोटी खूण निर्माण केली, जिच्यामुळे ग्राहक कोणाच्या लिंकवरून आला हे दुकानास लक्षात ठेवता येऊ लागले. जुलै १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपली असोसिएट्स योजना सर्वांस खुली केली, आणि तिच्या व्याप्तीमुळे ही पद्धत जगभर रूढ झाली. त्याच वर्षी स्थापन झालेली लिंकशेअर आणि १९९८ सालची कमिशन जंक्शन यांसारखी मध्यस्थ नेटवर्के पुढे आली; अनेक व्यापाऱ्यांच्या योजना एकत्र आणून हिशेब व वसुली यांची व्यवस्था लावणे हे त्यांचे काम. भारतात फ्लिपकार्ट २००७ मध्ये स्थापन झाले, अ‍ॅमेझॉनचे भारतीय दुकान २०१३ मध्ये उघडले, आणि त्यांच्या पाठोपाठ क्यूलिंक्स, अर्नकरो यांसारखे देशी मध्यस्थही या क्षेत्रात उतरले.

पहिली भूमिका : मिळकतीचा हिशेब

पहिल्या भूमिकेचे पुरस्कर्ते असे म्हणतात की, योजना हा व्यापारी व्यवहार असल्यामुळे तिची परीक्षा मिळकतीनेच व्हावी. मात्र त्यांच्यातील जाणकार केवळ कमिशनच्या दराकडे पाहत नाहीत. वस्तूची किंमत, दर, शंभर क्लिकांपैकी किती जण प्रत्यक्ष खरेदी करतात याचे प्रमाण, आणि परत आलेल्या मालामुळे रद्द होणारे कमिशन, या चारांचा एकत्रित विचार करून दर शंभर क्लिकांमागे हाती काय पडते, हे ते पाहतात. समजा, एक हजार रुपयांच्या वस्तूवर दहा टक्के देणारी एक योजना आहे आणि तिच्या दुकानात शंभरांतील एकच जण खरेदी करतो. दुसरी योजना दीड हजारांच्या वस्तूवर अवघे चार टक्के देते, पण तिच्या परिचित दुकानात शंभरांतील चार जण खरेदी करतात. पहिलीतून शंभर रुपये मिळतात, दुसरीतून दोनशे चाळीस. आणि दुसरीतील चारांपैकी एकाने माल परत केला तरीही एकशे ऐंशी उरतात. अधिक दराची जाहिरात करणाऱ्या अप्रसिद्ध दुकानांपेक्षा कमी दराचे मोठे दुकान पुष्कळांस का परवडते, याची उपपत्ती या साध्या गुणाकारात सापडते.

याच भूमिकेतील एक उपपक्ष एकरकमी मोबदल्यापेक्षा आवर्ती कमिशनला प्राधान्य देतो. संगणकप्रणालीची वर्गणी ग्राहक जोवर भरतो तोवर दरमहा अंश देणाऱ्या योजना विम्याच्या नूतनीकरण-कमिशनाशी जवळचे नाते सांगतात, आणि संथपणे वाढणारी मिळकत ज्यास हवी त्यास त्या आकर्षक वाटतात. नोंदणीगणिक किंवा एकेका ग्राहकामागे ठोक रक्कम देणाऱ्या योजनांत पैसा लवकर हाती येतो. परंतु ग्राहक पुढे टिकला की नाही याची फिकीर शिफारस करणाऱ्यास उरत नाही, हा त्यांच्यावरील आक्षेप विचारार्ह आहे.

दुसरी भूमिका : वाचकाचा विश्वास

दुसरी भूमिका निराळ्या टोकापासून आरंभ करते. तिच्या मते लेखकाचे खरे भांडवल वाचकाचा विश्वास हे आहे, आणि जी योजना ते भांडवल खर्ची घालावयास लावते ती कितीही दर देत असली तरी अंती तोट्याचीच ठरते. म्हणून ज्या वस्तूचा स्वतः वापर केला आहे, जिच्या विक्रीनंतरच्या सेवेविषयी खात्री आहे आणि जी आपल्या वाचकवर्गाच्या गरजेत बसते, तिच्याच योजनेचा विचार करावा, असा हा आग्रह आहे. या भूमिकेचा संस्थात्मक पुरावा म्हणून वायरकटर या प्रकाशनाचा नेहमी दाखला दिला जातो. २०११ साली सुरू झालेले हे वस्तुपरीक्षणाचे प्रकाशन प्रामुख्याने अ‍ॅफिलिएट कमिशनवर चालत असूनही २०१६ साली न्यूयॉर्क टाइम्सने ते विकत घेतले. आणि परीक्षण करणाऱ्या लेखक-संपादकांना निवड होण्यापूर्वी कोणत्या कंपनीशी कमिशनचा संबंध आहे हे कळू द्यावयाचे नाही, अशी तेथील घोषित रीत आहे.

या भूमिकेवर घेतला जाणारा आक्षेपही तितकाच गंभीर आहे. वायरकटरसारखी भिंत उभारण्यास परीक्षक निराळा आणि व्यवहार पाहणारा निराळा असावा लागतो. जो मनुष्य एकटाच लिहितो, एकटाच चित्रण करतो आणि एकटाच बँकेचा जमाखर्च पाहतो, त्याने ही भिंत स्वतःच्या मनात कशी उभारावी? आपल्याकडे म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हाच प्रश्न फार पूर्वी उपस्थित झाला होता; विक्रेत्यास मिळणारे कमिशन त्याच्या सल्ल्यास वळण लावते या विचाराने बाजार-नियामक सेबीने, ज्यातून हे कमिशन दिले जाई तो प्रवेशभार १ ऑगस्ट २००९ पासून रद्द केला, आणि जानेवारी २०१३ पासून विक्रेत्यावाचून घेता येणाऱ्या थेट योजना उपलब्ध झाल्या. विश्वासाचा प्रश्न केवळ व्यक्तीच्या सचोटीवर सोपवता येत नाही, त्यास व्यवस्थेचा आधार लागतो, असा निष्कर्ष काही अभ्यासक त्यातून काढतात.

तिसरी भूमिका : करारनामा आणि स्थैर्य

तिसऱ्या भूमिकेचे लोक दर आणि विश्वास या दोहोंच्या आधी करारनामा वाचावयास सांगतात. कुकीची मुदत किती, कमिशन कोणत्या दिवशी पक्के होते, किमान किती रक्कम साठल्यावर पेआउट मिळतो, कोणत्या माध्यमांतून लिंक देण्यास मनाई आहे, आणि अटी एकतर्फी बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ही कलमे त्यांच्या दृष्टीने निर्णायक होत. अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील योजनेत लिंकवर क्लिक केल्यापासून चोवीस तासांच्या आत झालेल्या खरेदीवर कमिशन मिळते, त्या अवधीत वस्तू कार्टमध्ये टाकली असल्यास मुदत सुमारे नव्वद दिवसांपर्यंत वाढते. आणि नव्या सभासदाने १८० दिवसांत तीन ग्राह्य विक्र्या न घडविल्यास त्याचे सभासदत्व संपते. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी केलेली खरेदी तेथे ग्राह्य धरली जात नाही. शिवाय प्रत्येक देशाच्या दुकानाची योजना वेगळी असल्यामुळे, ज्या मराठी लेखकाचा वाचक पुण्याबरोबरच न्यू जर्सीतही आहे, त्यास भारतीय दुकानाच्या एकाच लिंकवर विसंबून चालत नाही.

स्थैर्याच्या प्रश्नाचे दाखले ठसठशीत आहेत. मार्च २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत विक्रीच्या संख्येनुसार चढणारा दर बंद करून वस्तूंच्या वर्गवारीनुसार ठरीव दर आणले. आणि २१ एप्रिल २०२० पासून, महासाथीच्या ऐन काळात, फर्निचर व गृहोपयोगी वस्तूंवरील दर आठ टक्क्यांवरून तीनवर आणि किराण्यावरील पाचवरून एकवर उतरविले, ज्याची पूर्वसूचना जेमतेम आठवड्याची होती. त्याआधी २०११ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या विक्रीकराच्या नव्या कायद्यामुळे तेथील सर्व सभासदांशी संबंध तोडले गेले आणि राज्याशी तडजोड झाल्यावर सप्टेंबरात ते पुन्हा जोडले गेले. या पक्षाचे तात्पर्य असे की, एकाच योजनेवर सर्व भार टाकणे हे तिच्या दरापेक्षा मोठे जोखमीचे कलम आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, दहा योजनांत विखुरलेली मिळकत कोणत्याच योजनेत पेआउटच्या किमान मर्यादेस पोहोचत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि कोणते लागू पडेल हे वाचकवर्गाच्या विस्तारावर अवलंबून राहते.

श्रेयाच्या नोंदीचा वाद

या तिन्ही भूमिका एका गृहीतावर उभ्या आहेत : झालेल्या विक्रीची नोंद बिनचूक होते. हे गृहीत किती पक्के आहे, याविषयीचा वाद हा या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा वाद होय. रूढ पद्धतीत खरेदीपूर्वी ज्याच्या लिंकवर शेवटचा क्लिक झाला त्यास संपूर्ण कमिशन मिळते. ज्याने अर्ध्या तासाचे चित्रण करून ग्राहकाच्या मनात वस्तूविषयी खात्री निर्माण केली त्यास काही मिळत नाही, आणि पैसे भरण्याच्या क्षणी सवलतीचे कूपन पुढे करणारा मात्र सर्व रक्कम घेऊन जातो, अशी तक्रार त्यामुळे होत राहते. पेपॅलने २०२० साली सुमारे चार अब्ज डॉलरांस घेतलेल्या हनी या कूपन शोधणाऱ्या ब्राउझर-विस्तारावर डिसेंबर २०२४ मध्ये असाच आरोप झाला की, तो इतरांच्या कुकीच्या जागी स्वतःची खूण बसवितो; त्यावरून अमेरिकेत दावे दाखल झाले, कंपनीने आपण शेवटच्या क्लिकच्या प्रचलित नियमास धरून वागत असल्याचे म्हटले, आणि मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या विस्तारांसाठी या बाबतीतील नियम अधिक कडक केले.

फसवणुकीचा दुसरा प्रकार शिफारस करणाऱ्यांच्याच बाजूने घडतो. वाचकाने क्लिक केलेले नसतानाही त्याच्या संगणकावर कुकी पेरून ठेवावयाची, म्हणजे पुढे त्याने स्वेच्छेने काही विकत घेतले तरी कमिशन मिळते, या कृत्यावरून ईबेने २००८ साली आपल्याच योजनेतील मोठ्या सभासदांवर दावा लावला. फौजदारी खटल्यात त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांस कारावास झाला. बेंजामिन एडलमन व वेस्ली ब्रँडी यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, उघड फसवणूक ओळखण्यात बाहेरचे तज्ज्ञ व्यवस्थापक सरस ठरतात, तर नियमांच्या काठावरील संशयास्पद वर्तन हेरण्यात कंपनीचे स्वतःचे कर्मचारी. योजनेची देखरेख कोण करतो ही गोष्ट प्रामाणिक सभासदाच्या मिळकतीशी निगडित असल्याचे यावरून दिसते, कारण खोट्याने लाटलेले कमिशन पुष्कळदा खऱ्याच्याच वाट्यातून जाते.

यात भर पडली ती खासगीपणाच्या रक्षणाची. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने २०१७ पासून माग काढणाऱ्या कुकींवर निर्बंध आणले आणि मार्च २०२० मध्ये त्रयस्थांच्या कुकी सरसकट अडविल्या. गूगलने जानेवारी २०२० मध्ये तसेच करण्याची घोषणा केली, परंतु जुलै २०२४ मध्ये ती मागे घेतली. वाचकाच्या दृष्टीने हे निर्बंध स्वागतार्ह आहेत, यात संशय नाही. पण ज्या योजना अद्याप जुन्याच कुकीवर विसंबून आहेत त्यांत झालेली विक्री नोंदविली जाण्याची शक्यता घटते, आणि ज्यांनी दुकानाच्या सर्व्हरवरून मध्यस्थाच्या सर्व्हरकडे थेट नोंद पाठविण्याची किंवा प्रत्येक सभासदास स्वतंत्र कूपन-कोड देण्याची व्यवस्था केली आहे त्या अधिक भरवशाच्या ठरतात.

कायद्याची चौकट

कमिशनचा संबंध वाचकापासून लपवू नये, हे तत्त्व अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९८० च्या मार्गदर्शिकेत मांडले आणि २००९ व २०२३ च्या सुधारणांनी ते नव्या माध्यमांस लागू केले. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी आणि ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल प्रथम दहा लाखांपर्यंत व पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड, आणि शिफारस करणाऱ्यावर एक ते तीन वर्षांपर्यंत मनाई होऊ शकते. मात्र त्याने पुरेशी खातरजमा केली असल्याचे सिद्ध झाल्यास बचावाची तरतूदही आहे. शेअर व गुंतवणुकीच्या क्षेत्रात सेबीने २०२४ पासून नोंदणीकृत संस्थांना, नोंदणीवाचून सल्ला देणाऱ्यांशी कमिशनचे संबंध ठेवण्यास मनाई केल्यामुळे तेथील योजना विशेष सावधगिरीने पाहाव्या लागतात.

याहून मूलभूत भेद विक्रीचे कमिशन आणि सभासदभरतीचे कमिशन यांतील आहे. ज्या योजनेत वस्तू नाममात्र असते आणि पैसा नव्या सभासदांच्या प्रवेशशुल्कातून येतो, ती अ‍ॅफिलिएट या नावाने समोर आली तरी १९७८ चा मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आणि २०२१ चे थेट विक्री नियम यांच्या कक्षेत जाऊ शकते. करांच्या बाबतीत, कमिशनवरील टीडीएसचा दर ऑक्टोबर २०२४ पासून पाचवरून दोन टक्क्यांवर आला. मिळकतीची तुलना करताना कराची कपात आणि प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम यांतील फरक ध्यानात ठेवावा.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

तीन प्रश्न आजही मोकळे आहेत. पहिला, श्रेयाच्या वाटणीचा : शेवटच्या क्लिकऐवजी ग्राहकाच्या संपूर्ण प्रवासातील प्रत्येक सहभागीस अंश द्यावा हे तत्त्वतः न्याय्य वाटते, परंतु त्यासाठी ग्राहकाचा अधिक माग काढावा लागतो आणि तेथे हा न्याय खासगीपणाच्या आड येतो. दुसरा, वाचक आणण्याच्या मार्गाचा : गूगलने एप्रिल २०२१ मध्ये वस्तुपरीक्षणांच्या गुणवत्तेसंबंधी आणि मार्च २०२४ मध्ये प्रतिष्ठित प्रकाशनांच्या नावाचा गैरवापर रोखण्यासंबंधी आपले शोधाचे नियम बदलले, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर शोधाच्या पानावरच देऊ लागल्यावर क्लिक होण्याचीच शक्यता घटते, मग ज्याच्या परीक्षणावरून ते उत्तर सिद्ध झाले त्याचे कमिशन कोणी द्यावे? तिसरा, लेखापरीक्षणाचा : हिशेबाची वही देणेकऱ्याच्याच दप्तरी असते, घेणेकऱ्यास तिचा उतारा तेवढा दिसतो, आणि रद्द झालेल्या विक्रीचे कारणही बऱ्याच योजना नोंदवीत नाहीत.

निवडीचा क्रम

वरील भूमिका परस्परविरोधी भासल्या तरी त्यांस क्रम लावता येतो, आणि तो क्रम रूढ समजुतीच्या उलटा आहे. आरंभी भरतीवर चालणाऱ्या आणि कायद्याच्या दृष्टीने संशयास्पद योजना वगळाव्यात. नंतर ज्यांच्या वस्तूची शिफारस आपण कमिशन उघड सांगूनही करू शकतो त्याच ठेवाव्यात. त्यांचे करारनामे, विशेषतः मुदत, रद्दीकरण व अटीबदल यांची कलमे, वाचावीत. मग दोन-तीन योजना थोड्या काळासाठी चालवून, प्रत्येक लेखास किंवा चित्रणास वेगळी खूण देऊन, आपल्याकडील क्लिकांची नोंद योजनेच्या हिशेबाशी ताडून पाहावी आणि पहिला पेआउट वेळेवर हाती येतो की नाही हे पारखावे. दराची तुलना या सर्वांनंतर करावी, कारण नोंदच अविश्वसनीय असेल तर दराचा आकडा कशाचा हिस्सा आहे हेच कळत नाही. या क्षेत्रातील चर्चा अजूनही प्रामुख्याने दरांच्या कोष्टकांभोवती फिरते. ती रद्द झालेल्या विक्रीची कारणे मागण्याकडे, त्रयस्थाच्या लेखापरीक्षणाकडे आणि अटी बदलण्यापूर्वीच्या वाजवी मुदतीकडे वळली, तर एकट्याने काम करणाऱ्या लेखकास योजना निवडणे पुष्कळ सुकर होईल, आणि प्रामाणिक व्यापाऱ्यासही आपली योजना इतरांहून वेगळी का, हे दाखवून देता येईल.